साडेसात टनांचा घोडेवाहू ट्रक कोणी चालवावा, याबाबत

दिनांक : १९ मे २०२५

प्रेषक :
ग्विलिम प्रॉसर
प्रॉसर आणि कन्या, शवरथ व घोडे पुरवणारे
पेंत्रेवेर्न, रॅडनरशर, वेल्स

प्रति,
माननीय परवाना अधिकारी (जड वाहने व वैद्यकीय),
विभागीय वाहन परवाना कार्यालय

विषय : अर्जदाराचा ट्रक चालवण्याचा हक्क, त्याच्या कन्येची परीक्षा, त्याच्या मेहुणीचे वय आणि श्रीमती नेस्टा बफ्टन यांची अडचण या चारही गोष्टी एकत्र विचारात घेण्याबाबत.

संदर्भ : १) मूर्च्छेविषयी आपले पत्र. २) मूर्च्छेविषयी माझे उत्तर. ३) माझ्या उत्तराला उत्तर म्हणून आलेले आपले पहिलेच पत्र, पुन्हा.

महोदया,

१. मी, खाली सही करणारा, सविनय सादर करतो की आमच्या घरात तीन पिढ्या मृत माणसांना काळ्या घोड्यांच्या शवरथातून चॅपलपर्यंत पोहोचवण्याचे काम चालते. आजोबांच्या काळी घोडे तबेल्यातून निघत आणि पायीच जात, कारण माणसे मरत ती जवळपासच. हल्ली तीस-तीस मैलांवरून बोलावणे येते. त्यामुळे दोन घोडे व शवरथ असे सगळे ट्रकमध्ये चढवून न्यावे लागते. रिकामा ट्रक पाच टनांच्या आत. बिशप आणि डीकन हे दोन घोडे मिळून तेराशे किलो. शवरथ सहाशे. खोगीर, साज, काळे तुरे, पाण्याच्या बादल्या आणि मी धरूनही साडेसात टनांचा आकडा ओलांडला जात नाही. दर वर्षी वजनकाट्यावर जाऊन मी स्वतः खात्री करतो. वजनाबाबत आपल्या कार्यालयाची माझ्याविरुद्ध तक्रार नाही व माझी आपल्याविरुद्ध नाही, हे आरंभीच नमूद करतो, कारण पुढे अशी वाक्ये फारशी येणार नाहीत.

२. गेल्या नोव्हेंबरात मला सत्तर पूर्ण झाली. ज्यांनी सत्त्याण्णव सालाच्या आधी मोटारीची परीक्षा दिली त्यांना साडेसात टनांपर्यंतचा ट्रक चालवण्याचा हक्क आपोआप मिळालेला आहे. मात्र सत्तरीला तो हक्क संपतो आणि डॉक्टरी तपासणी करून पुन्हा मागावा लागतो, हे मला ठाऊक होते. मी तपासणी केली. डोळे ठीक, कान ठीक, रक्तदाब डॉक्टरांपेक्षा बरा. फॉर्ममध्ये प्रश्न होता, ‘आपणांस कधी मूर्च्छा आली आहे काय?’ मी खरे लिहिणारा माणूस आहे. मी लिहिले, ‘होय. एकदा. १९८६. मुलीच्या जन्माच्या वेळी.’

३. त्यावर आपण मूर्च्छेचे कारण, कालावधी आणि प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचे निवेदन मागवले. कारण मी वर दिलेले आहे. कालावधी मला माहीत नाही, कारण मी मूर्च्छित होतो. ते इस्पितळ पाडून तिथे आता गाद्यांचे दुकान झाले आहे. सुईणबाई वारल्या, त्यांना आम्हीच नेले. माझी पत्नी मेगन आठ वर्षांपूर्वी गेली, तिलाही. हयात साक्षीदार एकच, माझी मुलगी मेरियल. तिचे निवेदन मी पाठवले असता, घटनेच्या वेळी साक्षीदार अज्ञान होती, या कारणास्तव ते परत आले. तेव्हा तिचे वय अंदाजे एक मिनिट होते, हे मला मान्य आहे.

४. दरम्यान ट्रक अंगणात उभा. आपण म्हणाल, मुलीने चालवावा. मेरियल अडतीस वर्षांची आहे. मोटारीच्या परवान्याबरोबर ट्रॅक्टरचा परवाना आपोआप मिळतो, म्हणून ती गवताच्या गठ्ठ्यांनी भरलेला भलामोठा ट्रेलर ओढत आमच्या खिंडीतून एका हाताने सँडविच खात उतरते. परंतु तिने मोटारीची परीक्षा सत्त्याण्णव सालानंतर दिली असल्याने तिला साडेतीन टनांच्या वर काहीही चालवण्यास मनाई आहे. तिने नवीन परीक्षेसाठी अर्ज केला आहे. तारीख मिळाली आहे ती पुढच्या वर्षीच्या जूनची.

५. साडेतीन टनांची छोटी घोडेवाहू गाडी भाड्याने आणून पाहिली. ती कायद्याने एकच घोडा नेऊ शकते. आमचा शवरथ जोडीचा आहे. मेरियल म्हणाली, “बाबा, एकट्या बिशपला जुंपलं तर पेटीतला पाहुणा चॅपलभोवती गोल गोल फिरत राहील.” मग तिने ट्रॅक्टरला गुरांचा ट्रेलर जोडावा असे सुचवले आणि आपल्या दूरध्वनी कक्षात विचारणा केली. तेथील गृहस्थांनी ट्रॅक्टर केवळ शेतीच्या कामासाठी असल्याचे सांगितले. यावर मेरियल त्यांना म्हणाली, “अहो, आम्ही जमिनीत पुरायलाच चाललोय. अजून किती शेती पाहिजे तुम्हाला?” या उद्गाराबद्दल मी तिच्या वतीने दिलगिरी व्यक्त करतो. फोन त्यांनी ठेवला की तिने आपटला, याबाबत दोन मते आहेत.

६. अशा परिस्थितीत मार्च महिन्यात श्रीमती नेस्टा बफ्टन यांचा निरोप आला. त्यांचे पती क्लेडविन बफ्टन कुम्हेलिग येथे वारले. हे नाव आपल्या जुन्या दप्तरात सापडेल. आमच्या भागात ते तीस वर्षे मोटार परीक्षक होते. अर्ध्या जिल्ह्याला त्यांनी नापास केले आणि उरलेला अर्धा दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन पास झाला. मला त्यांनी चार वेळा नापास केले. पाचव्या वेळी ते रजेवर होते. बाजारात ते दिसले की लोक पलीकडच्या पदपथावर जात, आणि ते नीट दोन्ही बाजूंना पाहून ओलांडतात की नाही हे बफ्टनसाहेब वळून बघत. श्रीमती बफ्टन फोनवर मला म्हणाल्या, “प्रॉसर, त्यांनी एकच इच्छा सांगून ठेवलीय. ‘जन्मभर लोकांच्या गाडीत जीव मुठीत धरून बसलो, शेवटी तरी मला घोड्यांनी न्या.’ नाही म्हणू नका हो.”

७. मी नाही म्हणालो नाही. म्हणायला हवे होते, असे फोन ठेवल्यावर वाटले. मेंढ्या विण्याचा हंगाम चालू असल्याने आमच्या खोऱ्यातला प्रत्येक शेतकरी कोपरापर्यंत मेंढीत होता. पाद्रीसाहेब वयाने लहान, सत्त्याण्णव सालानंतरचे. शेजारचा ट्यूडर लॉइड इन्शुलिन घेतो, म्हणून नियमाने बाद. पबवाल्याचा परवाना जप्त आहे. त्याचे कारण त्याच्याच पबमध्ये पेल्याने मिळते. एका एजन्सीने पाठवलेला चालक आला, बिशपने त्याच्याकडे एकवार पाहिले, आणि तो मनुष्य किल्ली गवतात टाकून निघून गेला. वयाची व सालाची अट पुरी करणारी, निरोगी, निर्व्यसनी आणि मेंढ्या नसलेली पेंत्रेवेर्नमध्ये एकच व्यक्ती उरली. ती म्हणजे माझी मेहुणी, कुमारी डिलिस प्राइस, वय अडुसष्ट, निवृत्त पियानो शिक्षिका.

८. कुमारी प्राइस यांच्याविषयी मला काही निवेदन करणे भाग आहे. त्यांनी १९७६ च्या त्या कडक उन्हाळ्यात परवाना मिळवला. त्यांच्याकडे एक मलईच्या रंगाची छोटी मोटार आहे. ती त्या रविवारी चॅपलला आणि गुरुवारी बाजाराला नेतात. त्या कधीही उजवीकडे वळत नाहीत. उजवीकडे वळायचे म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या आडवे जायचे, आणि ते त्यांना असभ्य वाटते. जिथे जायचे तिथे त्या डावीकडे, डावीकडे आणि पुन्हा डावीकडे वळून पोहोचतात. बाजार इथून चार मैल आहे, त्यांना नऊ पडतात. त्यांना पास करणारे परीक्षक क्लेडविन बफ्टन हेच होते. त्या दिवशी गावातला मुख्य चौक खणलेला असल्याने परीक्षेच्या मार्गात उजवे वळण आले नाही. सदर मजकूर तक्रार समजू नये. चौक खणलेला होता आणि त्या पास झाल्या, एवढी वस्तुस्थिती मी मांडत आहे.

९. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्या गुलाब छाटत होत्या. मी विचारले, “डिलिस, तुझ्या परवान्याच्या मागच्या बाजूला काय लिहिलंय ते कधी वाचलंस?”

“पुढच्या बाजूला माझा फोटो आहे. तोच बघवत नाही, मागे कुठे जाऊ?”

मी त्यांना चष्मा आणायला लावला आणि ट्रकचे छोटे चित्र दाखवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, “म्हणजे एकोणपन्नास वर्षं मी ट्रक ड्रायव्हर आहे, आणि मला कोणी सांगितलं नाही?”

“कायद्याने आहेस.”

“आणि मेरियल नाही?”

“मेरियल नाही.”

“ग्विलिम, मी ती गाडी उभी करताना सुद्धा देवाचं नाव घेते. हे नियम करतं कोण रे? पियानो न वाजवता आल्याबद्दल बक्षीस दिल्यासारखं झालं.”

त्या नकार देणार होत्या. चेहऱ्यावर नकार येऊन बसलाच होता. मग मी कोणाला न्यायचे आहे ते सांगितले. त्या कात्री खाली ठेवून म्हणाल्या, “बफ्टनसाहेब? मला त्यांनी पास केलं त्या दिवशी आई रडली होती. आनंदाने नाही, काळजीने. पण त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही माझ्यावर.” आणि मग, “त्यांना न्यायला दुसरं कोणी येणार नाही ना?”

मी म्हणालो, नाही.

“मग चल. किल्ली कुठाय?”

१०. विमा कंपनीने कुमारी प्राइस यांचे नाव आनंदाने घेतले. एकोणपन्नास वर्षांत एकही नुकसानभरपाई न मागितलेला ट्रकचालक त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. सराव आमच्याच कुरणात केला, कारण मेरियलला रस्त्यावर ट्रक चालवण्याची मनाई आहे, कुरणात नाही. अशा रीतीने, जिला चालवता येते पण कायद्याने येत नाही तिने, जिला कायद्याने येते पण चालवता येत नाही तिला शिकवले. घोड्यांच्या जागी गवताचे गठ्ठे ठेवले होते. पहिल्या दिवशी फाटकाचा खांब पडला. तो माझ्या पणजोबांनी रोवलेला होता. “मधे आला,” एवढेच कुमारी प्राइस म्हणाल्या. मेरियल पायरीवर उभी राहून ओरडत होती, “मावशी, आरशात बघ, आरशात! टोपी नको बघूस, मागचं बघ!”

“मागचं बघून काय करू? याला तोंड आहे एवढंसं आणि ढुंगण घराएवढं. ते येईल आपलं मागून.”

चौथ्या दिवशी ते खरोखरच मागून नीट येऊ लागले.

११. एक शंका आपण काढालच, म्हणून आधीच उत्तर देतो. धंद्यासाठी जड वाहन चालवणाऱ्याला वेगळे प्रमाणपत्र लागते. परंतु गाडी चालवणे हे ज्याचे मुख्य काम नाही आणि जो स्वतःच्या कामाचे सामान नेतो, त्यास सूट आहे. सबब कुमारी प्राइस यांना त्या दिवसापुरते घोड्यांच्या डोक्यावर तुरे बांधण्याच्या कामावर नेमण्यात आले, व ट्रक चालवणे हे त्यांचे दुय्यम काम ठरवले. त्यांना घोड्यांची अतिशय भीती वाटते. त्यांनी डोळे मिटून तुरे बांधले. डीकनचा तुरा डाव्या कानावर आला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. कायद्याचे पालन झाले.

१२. आता त्या दिवसाविषयी. उजवी वळणे वगळून मी मार्ग आखला तेव्हा एकतीस मैलांचे जवळपास पन्नास झाले. आम्ही पहाटेच निघालो. स्टिअरिंगच्या चाकावर कुमारी प्राइस, चॅपलची टोपी घालून. शेजारी मी. पलीकडे मेरियल, मांडीवर बादली घेऊन, कोणाला कधी लागेल सांगता येत नव्हते. त्यांनी वेग ताशी वीस-पंचवीस मैलांवर नेला आणि तिथेच ठेवला. चढ असो, उतार असो, सरळ रस्ता असो. मागे जिवंत घोडे उभे आहेत, त्यांना धक्का लागला तर ते रागावतील, ही त्यांची भीती. आपणांस खरे सांगतो, बिशप आणि डीकन इतक्या सुखाने कधीच कुठे पोहोचले नव्हते.

१३. आमच्या रस्त्यांवर पुढे जायला जागा नसते, हे आपण नकाशात पाहू शकता. त्यामुळे मागे रांग लागली. आधी एक पार्सलची व्हॅन. मग दुधाचा टँकर. मग गुरांचे डॉक्टर. मग कॉव्हेंट्रीहून फिरायला आलेल्या ऑलरॉइड पतिपत्नींची, आत राहायची सोय असलेली, घरासारखी मोठी मोटार, आणि तिच्यामागे काय काय आहे ते त्या मोटारीमुळे दिसेना. मेरियल आरशात पाहून म्हणाली, “मावशी, निम्मं वेल्स आहे मागे.”

“असू दे. घाई असती तर लवकर निघाले असते.”

वाटेतल्या गावांत लोकांनी पुढे काळा ट्रक, त्यावर सोनेरी अक्षरांत आमचे नाव, आणि मागे मैलभर मोटारी पाहिल्या. त्यांनी टोप्या काढल्या. एका शाळेने मुलांना कुंपणाशी उभे केले.

१४. कुम्हेलिगच्या अलीकडे मुख्य रस्त्यावर काम चालू होते आणि ‘पुढे रस्ता बंद’ असा फलक होता. आम्हाला तसेही तिथे डावीकडेच वळायचे होते, चॅपलच्या गल्लीत. पुढचा ट्रक इतका निश्चितपणे वळला म्हणजे पर्यायी रस्ता हाच, असे समजून मागची सगळी रांग आमच्यापाठोपाठ वळली. ती गल्ली एका मोटारीच्या रुंदीची आहे. दोन्ही बाजूंना उंच कुंपणे. ती चॅपलपाशी संपते. एकदा आत शिरलेल्याला मागे फिरता येत नाही.

१५. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या शेतात आम्ही ट्रक लावला. शवपेटी तिथे आलेली होती. घोडे उतरवले, शवरथ जुंपला, तोवर रांग मागेच थांबून राहिली, आणि मी आसनावर चढून चढण चालू केली. मागे वळून पाहिले तर शवरथाच्या मागे, घोड्यांच्या पावलांनी, वीस-पंचवीस मोटारी येत होत्या. कोणी भोंगा वाजवत नव्हते. शवपेटी दिसल्यावर आपण कशाच्या मागे आलो ते प्रत्येकाला कळले होते.

१६. चॅपलच्या दारात श्रीमती बफ्टन एकट्या उभ्या होत्या. आत पाद्री, वाद्यवादक आणि एक पुतण्या. त्या रांगेकडे पाहात राहिल्या. मी खाली उतरलो तेव्हा त्यांनी माझा हात धरला. “एवढी माणसं, प्रॉसर? ते तर म्हणायचे, तीन येतील, आणि त्यातला एक नुसता खात्री करायला.”

महोदया, त्या वेळी मी त्यांना काय सांगायला हवे होते? मी खरे लिहिणारा माणूस आहे, परंतु मला तोंडी प्रश्न विचारला होता. मी म्हणालो, “पुष्कळ लांबून आलीत.” हे खोटे नव्हते.

१७. सगळे आत येऊन बसले. कोणी तरी सुरुवात केली आणि बाकीचे मागे आले. बाहेर मोटारीत बसून राहणे कोणालाच शोभेना. पार्सलवालीचा खालचा आवाज फार सुंदर होता आणि दुधाच्या टँकरवाल्याने तार सप्तक धरले. त्या चॅपलात अनेक वर्षांत इतके चांगले गायन झालेले नव्हते, असे पाद्री म्हणाले. गुरांच्या डॉक्टरांनी छापील पत्रिकेवरचे नाव वाचले आणि माझ्या कानाशी म्हणाले, “हेच का ते बफ्टन? तीनदा नापास केलं मला यांनी.” थोड्या वेळाने त्यांनी रुमाल काढला. “तिसऱ्यांदा बरोबर होतं हो त्यांचं.”

१८. नंतर चहा, हॅमची सँडविचे आणि ‘बारा ब्रिथ’ हा आमच्याकडचा मनुकांचा केक. श्रीमती बफ्टन यांनी ऑलरॉइड यांना मनुका ठासून भरलेला अख्खा बारा ब्रिथ सोबत बांधून दिला, तेव्हा त्या गृहस्थांनी हात जोडून नकार दिला. त्यांच्या मोटारीला साडेतीन टनांची मर्यादा आहे. वाटेत काट्यावर वजन थोडे जास्त भरले म्हणून ते पाण्याची टाकी रिकामी ठेवून आणि पत्नीची बुटांची पेटी बहिणीकडे ठेवून प्रवास करीत होते. “आणखी पाव किलो सुद्धा घेता येणार नाही,” ते म्हणाले. सौ. ऑलरॉइड यांनी तो तिथेच बसून संपवला. कुमारी प्राइस त्यांना म्हणाल्या, “पोटातून नेलात तरी काटा तेवढंच दाखवणार हो.” सौ. ऑलरॉइड म्हणाल्या, “मग काट्याला म्हणावं, उतरते मी.” त्या दोघी आता एकमेकींना पत्रे लिहितात.

१९. परतताना रस्त्याच्या कामाची माणसे पुढे सरकली होती आणि गल्लीच्या तोंडाशी डावी बाजू बंद झाली होती. उघडी होती ती फक्त उजवी. कुमारी प्राइस यांनी ट्रक थांबवला. मेरियलने बादली घट्ट धरली.

“ग्विलिम, कोणी येतंय?”

“नाही.”

“नीट बघ.”

“डिलिस, दोन मेंढ्या आहेत, आणि त्या बसल्यात.”

त्यांनी टोपी सरळ केली आणि उजवीकडे वळल्या. मी डोळे मिटले होते. मूर्च्छा आली नाही, याची कृपया दप्तरी नोंद घ्यावी. वळण संपल्यावर त्या म्हणाल्या, “एवढंच?” दोन मैल पुढे गेल्यावर म्हणाल्या, “बफ्टनसाहेबांनी तेव्हाच सांगितलं असतं तर.”

२०. तेव्हापासून कुमारी प्राइस किल्ली परत देत नाहीत. ती त्यांच्या पियानोवर असते. वेग आता ताशी चाळीसवर गेला आहे. एप्रिलपासून आम्ही पाच अंत्यविधी केले, आणि दोन ठिकाणी तर घरच्यांनी चालक कोण असेल, हे आधी विचारून घेतले. मी डावीकडच्या आसनावर बसतो. या रस्त्यांवरून मी बावन्न वर्षे गाडी हाकली. खिंड उतरताना डावीकडे नदी इतका वेळ सोबत असते, हे मला कोणी सांगितले नव्हते. मेगनला ठाऊक असणार. ती तिथेच बसायची. म्हणून माझ्या मूर्च्छेचा निकाल लागण्याची मला आता पूर्वीइतकी निकड नाही. आपण सवडीने लावावा.

२१. परंतु अडचण पुढे आहे. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात कुमारी प्राइस सत्तर वर्षांच्या होतील आणि त्यांचा हक्क संपेल. डॉक्टरी तपासणीस त्यांचा नकार आहे. आमच्या गावचे डॉक्टर लहानपणी त्यांच्याकडे पियानो शिकायला येत. “ज्या मुलाला मी ताल चुकला म्हणून कोपऱ्यात उभं केलं, त्याच्यापुढे मी ब्लाऊजची बटणं काढणार नाही,” असे त्यांचे शब्द आहेत. मेरियलची परीक्षा जूनमध्ये. तिला रस्त्यावर सराव करायचा तर शेजारी अनुभवी माणूस हवा. पण आपल्या नियमानुसार आपोआप हक्क मिळालेल्या माणसाला ट्रक स्वतः चालवता येतो, शिकणाऱ्याच्या शेजारी बसता येत नाही. म्हणजे कुमारी प्राइस यांनी आपल्या भाचीला घेऊन जायचे तर चाकावरच बसायला हवे, आणि मग भाची शिकणार काय? थोडक्यात, मे महिन्यातल्या त्या वाढदिवसापासून मेरियल पास होईपर्यंत आमचा ट्रक चालवू शकणारे, लोकर कातरण्यात अडकलेले शेतकरी सोडता, कायद्याने या खोऱ्यात कोणीही नाही.

२२. ही गोष्ट श्रीमती नेस्टा बफ्टन यांच्या कानावर गेली. गेल्या आठवड्यात त्या बस बदलत बदलत आमच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. वय चौऱ्याऐंशी. त्यांनी बिशपच्या मानेवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, “प्रॉसर, माझंही नाव लिहून घ्या. हेच घोडे, आणि हीच बाई चाकावर. त्यांच्यासारखी मिरवणूक काही मला मिळायची नाही, पण हळू न्या, कोण कोण मागे लागतं ते बघू.”

मी तारखेचा घोळ समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. एका परीक्षकाची पत्नी म्हणून जन्मभर त्यांनी तारखांचे घोळ ऐकलेले आहेत. मग त्या म्हणाल्या, “म्हणजे मेच्या आत, नाहीतर जूनच्या नंतर?”

मी म्हणालो, तसेच काहीसे.

“हे तुम्ही त्या ऑफिसला नीट विचारून घ्या. मला कोणाची गैरसोय करायची नाही.”

२३. सबब आपणांस नम्र विनंती आहे की,

(अ) मेरियल प्रॉसर हिची परीक्षा पुढील मे महिन्याच्या आत घ्यावी. ती पास होईल. मागे वळून बघण्याची सवय तिला आहे.

(ब) ते शक्य नसल्यास कुमारी प्राइस यांची तपासणी संगीत न शिकलेल्या डॉक्टरांकडून करून घेण्याची सोय करावी.

(क) यांपैकी काहीच शक्य नसल्यास, श्रीमती नेस्टा बफ्टन यांनी कोणत्या तारखेपर्यंत मरणे आपल्या कार्यालयास सोयीचे पडेल, ते लेखी कळवावे. उत्तर थेट त्यांच्या पत्त्यावर पाठवले तरी चालेल. त्यांची प्रकृती सध्या उत्तम आहे, परंतु त्या वक्तशीर बाई आहेत आणि आपल्याकडून तारीख आल्यास त्या ती चुकवणार नाहीत, अशी मला भीती वाटते.

कळावे,

आपला नम्र आणि कायद्याला धरून राहणारा,

(सही)
ग्विलिम प्रॉसर

सोबत :
१. कुमारी डिलिस प्राइस यांच्या परवान्याची प्रत, दोन्ही बाजू
२. ट्रकच्या वजनकाट्याची पावती
३. श्रीमती बफ्टन यांचा पत्ता